फळी सुटल्यावर

मी एक फळी बोलतेय. केस कापायच्या दुकानात मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतात आणि वर लहान मुलाला बसवतात, ती फळी. तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या एखादीवर बसला असाल. गळ्याभोवती कापड, नाकाच्या शेंड्यावर केस, आणि खाजवायचं म्हटलं तर दोन्ही हात कापडाच्या आत अडकलेले. आठवलं ना?

माझा जन्म शाळेतला. म्हणजे झाड म्हणून मी कुठे उगवले ते मला आठवत नाही, पण समज आली तेव्हा मी एका वर्गात बाकाची बसायची फळी होते. माझ्या पाठीवर तिघं बसायची आणि तिघांची सतत सरकासरकी चालायची. कोणी कर्कटकानं माझ्यावर स्वतःचं नाव कोरलं, कोणी दुसऱ्याचं. पुढे बाकाचे पाय मोडले आणि शाळेनं जुनं लाकूड काढून टाकलं. आमच्या मालकांच्या वडिलांनी तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. त्यांनी मला सुताराकडे नेलं. सुतारानं मला खुर्चीच्या मापात कापलं आणि घसरू नये म्हणून खालून दोन खाचा पाडल्या. वर काथ्या घालून लाल रेक्झिन ठोकलं. ते रेक्झिन फाटलं, बदललं, पुन्हा फाटलं. खालचं लाकूड मात्र तेच आहे, आणि कोरलेली नावंही तशीच आहेत. ती आता कोणाला दिसत नाहीत, एवढंच.

मुलं माझ्यावर बसली नसतील तेव्हा मी खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या जागेत उभी असते. तिथून सगळं दुकान दिसतं. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडं, आणि त्या बाकड्याच्या कोपऱ्यात पेपरवाले आजोबा. या आजोबांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. ते रोज पेपर वाचायला येतात आणि गिऱ्हाइकांना सल्ले देतात. मालक त्यांना काही म्हणत नाहीत, कारण ते नसले की दुकान सुनं वाटतं.

माझ्यावर मूल बसलं की मी त्याच्यापेक्षा त्याला घेऊन आलेल्या माणसाकडे जास्त बघते. आया खुर्चीला खेटून उभ्या राहतात. "कानावरचे कमी करा, पुढचे राहू द्या. नको, पुढचेही थोडे घ्या. अहो, एवढे नाही!" बाप दारातूनच सांगतात, "शाळेचा कट मारा," आणि फोन कानाला लावून बाहेर जातात. परत येतात तेव्हा केस कापून मूल तयार असतं. मग मागून मान बघतात, म्हणतात, "हं, बरं झालं," आणि घेऊन जातात.

शाळेचे नियम इथे सगळ्यांना पाठ आहेत. केस कानावर यायला नकोत, कॉलरला टेकायला नकोत, डोक्यावर नक्षी नको. नखं कापलेली हवीत, बूट चमकले पाहिजेत. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी कोणीतरी बाकड्यावर बसून म्हणतंच, "केसांनी काय अभ्यास होतो का?" आणि कोणीतरी म्हणतं, "शाळेनंच दोन फटके द्यायला पाहिजेत, घरी आमचं ऐकत नाही." कित्येकदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. मधे फक्त चहा झालेला असतो.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. मूल मोठं होत गेलं की एक दिवस मालक त्याला माझ्याशिवाय, थेट खुर्चीवर बसवून बघतात. ताठ बसल्यावर आरशात हनुवटी दिसली, की मालक मला उचलून माझ्यावर दोन थापा मारतात आणि मोठ्यानं सांगतात, "याची फळी सुटली!" दुकानात असतील नसतील तेवढे सगळे टाळ्या वाजवतात. आणि त्या दिवसापासून मालक आईबापांना विचारायचं सोडून त्या मुलाला विचारतात, "बोला साहेब, कसे कापू?"

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटत असेल. तसं नाही. खुर्ची फिरवल्यावर खाली पाय टेकवून आपणहून उतरणारं पोर बघितलं की बरं वाटतं. पण एका मुलाची फळी सुटली आणि पुढे जे झालं, ते माझ्या मनातून जात नाही.

त्या मुलाला सगळे भुंगा म्हणायचे, कारण तो सतत काहीतरी गुणगुणायचा. माझ्यावर बसला की कापडाखालून बोटांनी माझ्या कडेवर ताल धरायचा. मालक ओरडायचे, "भुंग्या, हलू नकोस, कान जाईल." तो थांबायचा. मान स्थिर, चेहरा स्थिर, आणि कापडाखाली एका बोटाचा ताल चालूच.

त्याचे वडील जवळच्याच गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांना रंगवाले म्हणतात. ठोकलेली गाडी त्यांच्या हातात दिली की ते पत्रा सरळ करणार, पुट्टी भरणार, घासणार, जुळता रंग मारणार, आणि मग गाडीच्या मालकालाच विचारणार, "सांगा, कुठे लागली होती?" मालकाला सापडलं नाही की त्यांचा दिवस साजरा व्हायचा. माणूस मनानं मोकळा. पोरावर जीव. आवाज मात्र असा की बाहेर बोलले तरी आरसा थरथरावा.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघं आले. मालकांनी भुंग्याला थेट खुर्चीवर बसवलं.

"मान ताणू नकोस, जिराफ दिसतोस."

"नाही ताणत काका, माझी आहेच एवढी."

हनुवटी दिसली. अगदी स्पष्ट दिसली. मालकांनी मला उचललं, दोन थापा मारल्या, आजोबांनी पेपर मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. रंगवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी घाम पुसतोय असं दाखवून पुसलं.

"बोला साहेब, कसे कापू?"

भुंग्यानं भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. चित्रातल्या तरुणाच्या कानाच्या वरून निघालेली, केसांत वीज कोरल्यासारखी रेघ वळत वळत पार मानेपर्यंत गेली होती.

"तशी रेघ छान आहे," तो हळूच म्हणाला. "पण शाळेत चालत नाही. बँडमध्ये मला ड्रम मिळालाय ना. सर म्हणालेत, बँडवाल्यांचे केस तर एकदम नीट पाहिजेत."

"शाळेचं मी बघतो," रंगवाले म्हणाले. "आज फळी सुटलीय तुझी. हौस होऊ दे. मारा हो रेघ."

"भरून यायला वेळ लागतो हं," मालक म्हणाले. "आणि उद्या शाळा आहे."

"डोकं माझ्या पोराचं आहे. शाळेचं नाही."

मालकांना तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, ड्रॉवरमध्ये बारीक पात्याचं नवं मशीन आलं होतं आणि त्यांचेही हात शिवशिवत होते. त्यांनी रेघ मारली. सुरेख मारली. आजोबांनीसुद्धा उठून बघितली. भुंगा आरशात पुन्हा पुन्हा मान वळवून बघत होता. त्या वेळी तो खूष होता, यात शंका नाही.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी दोघं पुन्हा आले. कवायतीच्या सरांनी भुंग्याला सांगितलं होतं, बँडची तपासणी होईपर्यंत केस एकसारखे करून ये, म्हणजे काही प्रश्न नाही.

"सोपं आहे," मालक म्हणाले. "सगळीकडून मशीन फिरवून बारीक करून टाकतो. रेघ आपोआप मोडेल."

"म्हणजे टक्कल?" भुंगा घाबरला.

"टक्कल नाही रे, बारीक."

"काही नको," रंगवाले म्हणाले. "गाडीला एक ओरखडा पडला म्हणून मी अख्खी गाडी खरवडत नाही. टचअप करतो. घरी चल रे."

दुसऱ्या दिवशी ते भुंग्याला घेऊन आले तेव्हा दारातूनच त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी पोराला आरशासमोर उभं केलं.

"सांगा, कुठे होती?"

मालकांनी चष्मा लावला. हातातला छोटा आरसा मागे धरला. बोटानं चाचपणार तेवढ्यात रंगवाले ओरडले, "हात नका लावू, बघूनच सांगा!" मालकांना रेघ सापडेना. आजोबांना तर नाहीच सापडली.

"आधी पावडरचा हात दिला. त्यावर बुटांचं काळं पॉलिश, ते स्पंजच्या बाटलीतलं पातळ येतं ना, ते. पण फासलं नाही, बारीक ब्रशनं एकेक ठिपका. केसांसारखं वाटायला पाहिजे ना!"

"शाळेच्या बुटांचं पॉलिश?" आजोबांनी विचारलं.

"मग? शाळेलाच लागतंय ते," रंगवाले म्हणाले आणि सगळे हसले. भुंगाही हसला, पण सगळ्यांच्या मागाहून. मग रंगवाले खाली वाकून त्याला म्हणाले, "फक्त कोणाला कळता कामा नये. कळलं?"

भुंग्यानं मान हलवली, अगदी सावकाश. डोक्यावरचा रंग ओला होता.

मी लाकूड आहे. मला काही बोलता आलं नाही. पण ज्यांना बोलता येत होतं, तेही बोलले नाहीत. मालक तर त्या कामाचं कौतुक करत होते.

पुढचं मला बाकड्यावर वाट पाहत बसलेल्या दोन मुलांकडून कळलं. ती भुंग्याच्याच शाळेतली होती आणि हसून हसून त्यांच्या पोटात दुखत होतं. मैदानावर कवायत चालू होती, ऊन कडक होतं. भुंगा ड्रम वाजवत होता. घामाबरोबर त्याच्या मानेवरून एक काळा ओघळ निघाला आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरमध्ये शिरला. मग दुसरा. मागच्या रांगेतल्या कोणीतरी किंचाळून सांगितलं, "अरे, याचं डोकं विरघळतंय!" सगळा बँड थांबला. सरांनी भुंग्याला रांगेतून बाहेर घेतलं, काहीतरी विचारलं, आणि ड्रम काढून घेतला.

"आता त्याचं नाव भुंगा नाही," एक मुलगा म्हणाला. "पॉलिश!"

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक दाढी करून घेत होतं. खुर्ची मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंडभर फेस. तेवढ्यात रंगवाले भुंग्याचा हात धरून आत शिरले.

"मला आधी हे सांगा," त्यांनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली, "एवढी वर्षं पोरांची डोकी कापताय, केसांवरून कोणाचा ड्रम गेलेला कधी ऐकलाय?"

मालकांचा वस्तरा हवेतच थांबला. त्यांनी डोळ्यांनी खुर्चीकडे खूण केली. पण राग आला की रंगवाल्यांना खुणा दिसत नाहीत.

"बाबा," भुंगा त्यांचा शर्ट ओढत म्हणाला.

"थांब रे. तो कवायतीचा मास्तर! गळ्यात शिट्टी घातली म्हणजे स्वतःला सेनापती समजतो."

"बाबा, ऐका ना."

"अख्ख्या मैदानासमोर उभं केलं पोराला! स्वतःच्या घरी बघायला डोकी नसतील, म्हणून दुसऱ्यांच्या डोक्यांच्या मागे लागतो!"

आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर गदागदा हलत होता.

"घरी तीन डोकी आहेत," फेसातून आवाज आला. "आणि तिन्ही ऐकत नाहीत. मालक, वस्तरा जरा लांब घ्या."

कवायतीचे सर उठून बसले. एक गाल साफ, एक गाल पांढरा. अशा चेहऱ्यानं रागावणं कठीण असतं, आणि ते रागावलेही नाहीत. रंगवाल्यांचा आवाज पहिल्यांदाच दुकानाच्या मापाचा झाला.

"सर, तुम्ही होय. असू द्या. बोललो ते बोललो. पण केसांवरून ड्रम काढायचा म्हणजे..."

"केसांवरून काढला नाही," सर म्हणाले. "केसांना मी तपासणीपर्यंत सवलत दिली होती. तो नियम तुम्हाला पटत नसेल, तर पालकसभेत येऊन भांडा. मी सांगतो, निम्मे नियम मलाही पटत नाहीत. ड्रम गेला तो वेगळ्या कारणानं. मी याला विचारलं, हे कोणी लावलं? म्हणाला, मीच. म्हटलं, घरी कोणाला माहीत आहे? म्हणाला, कोणालाच नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. खोटं बोलणाऱ्या मुलाला मी बँडच्या पुढे कसा उभा करू?"

मालकांना खरं माहीत होतं, आजोबांना माहीत होतं. दोघंही जमिनीवर पडलेल्या केसांकडे बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि रंगवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना गप्प बसायची वाट मोकळी होती. पोरानं कबूल केलेलं होतं, शिक्षा झालेली होती, सरांना संशय असला तरी पुरावा नव्हता. रंगवाले म्हणालेही, "पोरं काय, घरात काय काय उद्योग करतात, आपल्याला थोडंच..." आणि मधेच अडकले.

तेव्हा भुंगा बोलला. वडिलांच्या पुढे येऊन, हात बाजूला ताठ ठेवून, कवायतीत उभं राहतात तसा.

"हो सर. मीच लावलं."

वडिलांच्या देखत तो त्यांच्यासाठी पुन्हा खोटं बोलला. आवाज अगदी सरळ होता. सराव झाला होता त्याला.

रंगवाले त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी त्याची मान हलकेच वळवली आणि मागे, जिथे रेघ उतरत होती, तिथे बोट ठेवलं. डाग अजून पूर्ण गेला नव्हता.

"त्याचा हात इथपर्यंत पोचत नाही, सर," ते म्हणाले. "मी लावलं. ठिपका ठिपका करून लावलं. मग त्याला इथे आणलं, यांना दाखवून कौतुक करून घेतलं. रेघही मीच मारायला लावली. तो सांगत होता, शाळेत चालत नाही म्हणून."

"मला सापडली नव्हती," मालक हळूच म्हणाले. "मीही हसलो होतो."

इतका वेळ न रडलेला भुंगा आता रडायला लागला. "तुम्ही कशाला सांगितलंत? आता सर तुम्हाला ओरडतील!"

"मग तू का नाही सांगितलंस खरं?"

"तुम्हीच म्हणालात ना, कोणाला कळता कामा नये!"

रंगवाले मटकन बाकड्यावर बसले. आजोबांनी सरकून जागा दिली. एरवी ते कोणासाठी सरकत नाहीत.

सरांनी गालावरचा सुकलेला फेस टॉवेलनं टिपला. "एक चूक माझीही झाली," ते म्हणाले. "मी याला बाहेर काढलं तेव्हा पोरं हसली. त्यांना मी लगेच गप्प करायला पाहिजे होतं. उशीर केला."

"मग सर, ड्रम?" रंगवाल्यांनी मान वर केली. "आता तर कळलं ना, त्याचा दोष नव्हता."

"ड्रम मी एका मुलीला दिलाय. ती रोज शाळा भरायच्या आधी येऊन सराव करते. तिच्याकडून आता काढून घेऊ? तिला काय सांगू?"

रंगवाल्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता आरसा थरथरणार. मोडलेलं काही समोर आलं की ते सरळ केल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांची बोटं बाकड्याच्या कडेवरून फिरत होती, जणू कुठे खळगा आहे ते चाचपत होती.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "तिच्याकडेच राहू द्या."

मग त्यांनी भुंग्याला दोन्ही खांद्यांना धरून समोर उभं केलं. "ड्रम माझ्यामुळे गेला. तुझ्यामुळे नाही. मला तो परत आणता येत नाही. केस एकसारखे करून इतर मुलांबरोबर संचलनात चालशील?"

"सगळे पॉलिश म्हणतात मला."

"म्हणतील," रंगवाले म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला नवल वाटलं. एरवी ते म्हणाले असते, कोण म्हणतं, नाव सांग, बघतो त्याला.

"मैदानावर म्हणणार नाहीत," सर म्हणाले. "ते माझ्याकडे लागलं."

मग सर अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उठले आणि आजोबांच्या पलीकडे जाऊन बसले. "आधी याचं करा. माझी घाई नाही."

भुंगा खुर्चीवर चढला. नाक पुसलं. मालकांनी त्याला कापड बांधलं आणि विचारलं, "बोला साहेब, कसे कापू?"

"सगळे. एकसारखे."

मशीन सुरू झालं. रंगवाल्यांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला आणि खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले, माझ्या अगदी जवळ. केस पडत होते ते त्यांच्या बुटांवर पडत होते.

शाळेच्या क्रीडादिनाला संचलन आमच्याच रस्त्यावरून मैदानाकडे गेलं. मला बाहेरचं दिसत नाही. आधी लांबून ड्रम ऐकू आला. ठोका स्वच्छ होता, जरा घाबरलेला, पण चुकत नव्हता. भुंग्याचा हात वेगळा आहे, मी तो ओळखते. मालक कात्री हातात घेऊनच दारात जाऊन उभे राहिले. आजोबांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "दिसतोय का आपला?"

"दिसतोय. तिसऱ्या रांगेत आहे. टोपी मोठी झालीय त्याला, केस गेले ना. सारखी डोळ्यांवर येतेय."

"वर करतोय का?"

"नाही. हात हलवत नाहीये."

"आणि बाप?"

"समोरच्या कडेला उभा आहे. गॅरेजमधूनच आलाय वाटतं, कोपरापर्यंत रंग आहे. काल एक ठोकलेली गाडी आली होती ना त्याच्याकडे, तीही तशीच सोडून आलाय."

"हाका मारत असेल."

"नाही हो. गप्प उभा आहे. टाळ्या वाजवतोय नुसत्या."

ड्रम अगदी दारासमोर आला. माझं लाकूड आतून थरारलं.

"पोरगं बघतंय का त्याच्याकडे?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"अजून रागावलाय वाटतं."

"रागावला कसला," मालक म्हणाले. "संचलनात मान वळवायची नसते. बापालाही ते माहीत आहे. बघा ना, तोही हाक मारत नाहीये."

पावलं पुढे गेली. आवाज लहान होत होत मैदानाकडे वळला. मालक परत आले आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "माफ करा हं, कुठे होतो आपण?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानात नवी खुर्ची आली. पायानं दांडी दाबली की ती वर जाते, सोडली की खाली येते. कितीही लहान मूल असो, फळी लागत नाही. मालकांनी मला फेकलं नाही. मागच्या खोलीत भिंतीला दोन खिळे ठोकून माझी मांडणी केली आणि धुतलेले टॉवेल माझ्यावर ठेवले. इथे थोडा अंधार आहे आणि टॉवेल बहुतेक दमटच असतात. पण पुढचं बोलणं अजून ऐकू येतं.

मी कोणाला शिकवायला निघालेली नाही. शाळेचा कुठला नियम बरोबर आणि कुठला उगाच, ते तुम्ही माणसं बसून ठरवा. भांडायचं असेल तर उघड भांडा, मुलाच्या देखत भांडलात तरी चालेल. माझं मागणं लहान आहे. तुमचं मूल खुर्चीवर बसलं की फोन घेऊन बाहेर जाऊ नका. तिथेच थांबा. त्याला "पण शाळेत..." असं काही म्हणायचं असेल, तर ते वाक्य त्याला पूर्ण करू द्या. फार वेळ लागत नाही. केस कापून होतात तेवढाच.

चला, पुढे कोणीतरी ओला टॉवेल मागतंय. मालक आत येतील आता.